खो भेटल्याशिवाय

आमच्या शेजारचे शेषराव भाऊजी कधीच कोणाच्या बाजूला सरळ बसत नाहीत. तुमचं तोंड रस्त्याकडे असेल तर त्यांचं घराकडे. तुम्ही घराकडे वळलात तर ते बसल्या बसल्या रस्त्याकडे वळणार. संध्याकाळी ओट्यावर आम्ही बोलत बसतो तेव्हा मी त्यांच्या कानाशी बोलते आणि ते समोरच्या भिंतीशी. नव्या माणसाला वाटतं, या दोघांचं भांडण झालेलं दिसते.

सौंसरला माझ्या भाच्याचं लग्न होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी खाली बसायची पंगत होती. सगळे भिंतीला पाठ लावून बसले आणि मधात एकटे भाऊजी भिंतीकडे तोंड करून. पत्रावळसुद्धा त्यांनी फिरवून घेतली होती. वरण वाढणाऱ्यासमोर एकदम पाठच आली. तो म्हणाला, "काकाजी, वाढू कुठं? सदऱ्यावर?"

"मधला माणूस उलटाच असते बावा. हात लांबव, पोचते," भाऊजी म्हणाले.

मुलीकडच्यांना वाटलं, आम्ही पांढुर्ण्याचे पाहुणे रुसलो. मुलीचे काका हात जोडून आले, काही चुकलं असलं तर माफ करा म्हणाले. भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्यांदा आलेली बुंदी वाढून घेतली. मयतीच्या घरी बसायला गेले तरी हेच. सगळे मयताच्या फोटोकडे पाहून बसतात, हे दरवाजाकडे. लोक म्हणतात, किती मनाला लावून घेतलं बिचाऱ्यानं, फोटोकडे पाहवत नाही.

आता ज्यांनी खो-खो खेळला असेल त्यांच्या हे ध्यानात आलंच असेल. बाकीच्यांना सांगते. खो-खोमध्ये पकडणारे गडी एका ओळीत आपापल्या आखलेल्या चौकात बसतात, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. त्यांच्यातला एकच पळतो. तो दमला, किंवा ज्याला पकडायचं तो दुसऱ्या बाजूला निसटला, की बसलेल्याच्या मागून येऊन त्याच्या पाठीवर हात मारायचा आणि म्हणायचं, खो. मग हा उठून पळतो आणि तो त्याच्या जागी बसतो. हात लागल्याशिवाय उठायचं नाही. एकदा ज्या दिशेला निघाला त्या दिशेनंच जायचं, टोकाच्या खुंटापर्यंत. खुंट आला की मग वळता येते. मधातच मागं फिरला तर फाऊल.

हा खेळ लोक मैदानावर खेळतात. भाऊजी चोवीस तास खेळतात.

बाजाराला निघाले आणि पिशवी घरी राहिली, असं झालं की आम्ही सगळे दारात येऊन उभे राहतो. कारण भाऊजी मधातून मागं फिरत नाहीत. गल्लीच्या टोकाला विजेचा खांब आहे. तिथपर्यंत जातात, खांबाला हात लावतात, वळतात, आणि मग पिशवी घ्यायला येतात. त्या खांबाचा तेवढा भाग त्यांच्या हातानं गुळगुळीत झाला आहे. "दिशा घेतली का मागं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं वाक्य, "खो भेटल्याशिवाय उठाचं नाही." या दुसऱ्या वाक्यावर त्यांचा सगळा संसार झाला.

त्यांच्या बायकोचं नाव सुमन. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, त्यामुळे तिच्या घरातलं मला सगळं ऐकू येत होतं आणि माझ्या घरातलं तिला. भाऊजी नगरपालिकेच्या नळ विभागात होते. पहाटे उठून आख्ख्या मोहल्ल्याचं पाणी सोडायचं, घरी येऊन बसायचं. बसले की मग उठणं नाही. सुमन म्हणायची, "गिरणीवर जाता का?" हे म्हणायचे, "हो." आणि बसूनच. "अहो, जाता का?" "हो." मग ती हातातलं लाटणं घेऊन बाहेर यायची, त्यांच्या पाठीवर टेकवायची आणि म्हणायची, "खो." हे ताडकन उठून डबा घेऊन चालायला लागायचे. मी खिडकीतून हसायची. सुमन मला म्हणायची, "हसू नका वहिनी. ज्याची जशी कळ."

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला आहे. रविवारी फोन करतो, बाबा इकडे या म्हणतो. हे म्हणतात, हो.

आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला मुलींची सरकारी शाळा आहे. मैदान चांगलं आहे, कोपऱ्यात एक कडुनिंब आहे. खेळाचे मास्तर रिटायर झाले तेव्हा त्यांच्या जागेवर दुसरा कोणी आला नाही. जागा रिकामी आहे असं वर कळवलेलं आहे, आणि जागा रिकामी आहे हे वर माहीतही आहे, एवढ्यावर ते काम थांबलेलं आहे. सुमन गेल्यानंतर एक दिवस भाऊजी शाळेच्या मोठ्या मॅडमकडे गेले आणि म्हणाले, "मी पोरींले खो-खो शिकवतो. मले काही नको." मॅडमना वाटलं, म्हातारा आठवडाभर येईल. म्हातारा रोज चारच्या ठोक्याला येत राहिला. शाळेत शिकणाऱ्या पोरी मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या, त्यांच्या लहान बहिणी आल्या. माझी नात प्राचीसुद्धा त्यांच्याच हाताखाली तयार झाली.

हाताखाली म्हणणं चूकच आहे. भाऊजींनी कोणत्याच पोरीला कधी हात लावला नाही. हा त्यांचा स्वतःचा नियम, कोणी सांगितलेला नाही. तुरीचं पीक निघालं की जी वाळकी काडी उरते ना, तुराटी, ती एक लांबशी घेऊन तिच्या टोकाला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. पोरीची कंबर वर राहिली की चिंधी कंबरेला टेकवायची. "खाली बस. आणखी खाली." पाय चुकला की चिंधी पायाला. पोरी तिला आबाजींचा सिग्नल म्हणायच्या. भाऊजींना सगळ्या पोरी आबाजी म्हणतात. एखादी पळताना घाबरून डोक्यावर हात घेऊन वाकली की ते ओरडत, "काय वं, सावरगाववाले गोटे मारून राह्यले का तुले? गोटमारीत उभी हायेस का खो-खोत?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार. सगळं मैदान हसायचं, ती पोरगीसुद्धा.

आणि मग तो कागद आला.

कुठेतरी, आपल्या इकडे नाही, कोण्या शिकवणाऱ्यानं एका मुलीशी वाईट काम केलं होतं. पेपरात आलं होतं. त्याच्यानंतर वरून आदेश आला. शाळेच्या परिसरात कोणताही बाहरी व्यक्ती मुलींना खेळ शिकवणार नाही. शिकवायचा असेल तर पोलिसांचं पत्र पाहिजे, खेळाचं प्रमाणपत्र पाहिजे, वय साठच्या आत पाहिजे, आणि मैदानावर एक महिला हजर पाहिजे.

मी खरं सांगते, मला तो नियम वाईट वाटला नाही. मी मुली वाढवल्या आहेत. माझ्या हातात कलम असती तर मीही असाच नियम लिहिला असता, आणखी दोन ओळी वाढवून. कडवट वाटते ते यासाठीच. शिव्या द्यायला कोणी समोर उभा असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती.

भाऊजींना मात्र एकच शब्द लागला. त्या मैदानाच्या मागच्या गल्लीत ते जन्मले. शाळेत आजही जे पाणी येते त्याची लाइन त्यांच्यासमोर टाकली गेली. ते ओट्यावर बसून भिंतीला म्हणाले, "बाहरी व्यक्ती. वहिनी, मी कुठून आलो?"

"जाऊ द्या, तो सरकारी शब्द हाय," मी म्हटलं.

"नियम तं नियम हाय," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात गेले.

तिथल्या शिपायानं विचारलं, "काय केलं काकाजी?"

"काही नाही केलं. तेच लिहून द्या."

शिपाई म्हणाला, "काही केलं असतं तं लवकर काम झालं असतं. नाही केलं म्हणून लिवाले टाइम लागते. सगळीकडं पाहावं लागते न, कुठं कुठं नाही केलं."

भाऊजी ते पत्र आणायला इतके वेळा गेले की ठाण्यातला चहावाला त्यांना ओळखायला लागला, आणि मोहल्ल्यात लोक विचारायला लागले, शेषरावांवर कोणती केस सुरू आहे. पत्र शेवटी मिळालं. पण खेळाचं प्रमाणपत्र कुठून आणणार, आणि साठच्या आत कसं जाणार? खांबाला हात लावून वयाला मागं वळता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

मोठ्या मॅडम चांगल्या बाई आहेत. त्यांनी वाट काढून पाहिली. "शेषरावजी, मी तुम्हाला चौकीदार दाखवते," म्हणाल्या. भाऊजी म्हणाले, "मी चौकीदार नाही न मॅडम." "मग एखाद्या मुलीचे पालक म्हणून दाखवते." "कोणत्या मुलीचा?" "कोणत्याही." तर हे म्हणाले, "चौकात बसाचं तं आपल्या चौकात बसाचं. दुसऱ्याच्या चौकात बसलं तं फाऊल."

मला तेव्हा त्यांचा राग आला. सारी दुनिया दुसऱ्याच्या चौकात बसून जेवून राहिली आहे आणि यांना इथं फाऊल दिसतो. शेवटी मॅडमनं सांगितलं, कोणी विचारत नाही तोवर चालू ठेवा, फक्त एक महिला पाहिजे. ती महिला मी झाली. माझंही वय साठच्या कधीच पुढं गेलेलं, पण महिलेचं वय किती पाहिजे ते त्या कागदात लिहायचं राहिलं होतं.

मी रोज मेथीची जुडी नाहीतर तुरीच्या शेंगा घेऊन कडुनिंबाखाली बसायची. खेळातलं मला काही कळत नव्हतं, पण पाहता पाहता एक गोष्ट दिसली. एखादी पोरगी आली नाही तर तिच्या जागी भाऊजी स्वतः बसायचे, पँट वर दुमडून, गुडघे वाकवून. मागून कोणी पोरगी यायची, पाठीवर थाप मारून खो म्हणायची, आणि हे उठून पळायचे. पोरी हसून लोळायच्या. पण ज्या दिवशी सगळ्या हजर असायच्या त्या दिवशीही यांचं काही ना काही निघायचंच. "आरती, तुझा पाय दुखून राह्यला न, जा, आजीजवळ बस." आरती माझ्याजवळ येऊन बसायची आणि म्हणायची, "आजी, माझा पाय काही दुखत नाही." आणि तिच्या जागी भाऊजी बसलेले, मान खाली, डोळे मिटून, पाठ समोर करून. मी मनात म्हणायची, म्हाताऱ्याची पोरींसमोर पळायची हौस गेली नाही.

आमचा पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले होते. पूर्वी शाळा तपासायला साहेब यायचा तर छिंदवाड्याहून यायचा, घाट उतरून, वर्षातून एखाद्या वेळी, आणि तो येणार आहे हे मोहल्ल्यातल्या कुत्र्यालाही आधी कळायचं. आता साहेब इथंच राहतात. पायी चालत येतात. तसेच एक दिवस चारच्या नंतर आले.

तरुण होते, बोलायला गोड होते. भाऊजींचं पत्र त्यांनी पाहिलं, वय विचारलं. मग म्हणाले, "काकाजी, आप बुरा मत मानना. आपने खेल कहां सीखा?"

भाऊजी म्हणाले, "घर में."

साहेब हसले. "घर में खो-खो?"

"मेरी घरवाली ने सिखाया."

मला हे माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. सुमन सौंसरच्या शाळेत खो-खो खेळायची. इतकी चांगली खेळायची म्हणे, की बाहेरगावचे लोक पाहायला येत. लग्न झालं आणि दुसऱ्या दिवसापासून ती डोक्यावर पदर घेऊन पोळ्या लाटायला लागली. कोणी मना केलं नाही, कोणी विचारलंही नाही. पण आंगणात ती भाऊजींना समजावून सांगायची, खडूनं रेषा मारून आणि पाण्याचे लोटे मांडून. कोणता लोटा कुठं बसते, कोणता कधी उठते. म्हणून त्यांनी पोरींना शिकवलं ते सगळं त्या लोट्यांचं होतं.

साहेबांनी हात जोडले. "काकाजी, आपके जैसे लोग चाहिए. लेकिन कल कुछ हो गया तो जवाब मुझे देना है."

भाऊजींनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "परिसर कुठवर हाय साहेब? भिंतीच्या आत का बाहेर?"

"अंदर."

"म्हणजे भिंतीच्या बाहेर बसलो तं चालते?"

साहेब म्हणाले, रास्ता तो सबका है.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी शाळेच्या भिंतीबाहेर बसायला लागले, मैदानाकडे पाठ करून. आतून पोरींच्या पायांचा आवाज यायचा, खो यायचा, आणि हे रस्त्याकडे पाहत पुटपुटायचे, "उशीर केला. प्राचीनं उशीर केला." मी म्हटलं, "मंग शिट्टी वाजवा न. पोरींले समजते तुमची शिट्टी."

"शिट्टी आत जाते वहिनी."

"आवाजाले कोणता कागद लागते भाऊजी?"

"मले नियम शिकवू नका. आवाज आत गेला म्हणजे मी आत गेलो." आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. ज्या साहेबानं काढलं त्याला एवढं कडक होता आलं नसतं. भाऊजींनी स्वतःला त्याच्यापेक्षा जास्त बाहेर काढलं.

खो-खोची जिल्ह्याची मॅच सौंसरला होती. ती जिंकली तर आमच्या पोरी पहिल्यांदाच जिल्ह्याच्या बाहेर खेळायला जाणार होत्या. भाऊजींचा सगळा जीव त्या एका मॅचमध्ये अडकला होता, आणि पोरींसोबत जाणार होत्या गणिताच्या मॅडम, ज्यांना खुंट कशासाठी गाडतात हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यांचाही दोष नाही. त्यांची ड्यूटी लागली होती.

प्रेक्षकाला कागद लागत नाही. म्हणून मी आणि भाऊजी बसनं निघालो. जामसांवलीच्या फाट्यावर बस थांबली, दर्शनाचे लोक चढले-उतरले. तिथला मारोती आडवा, झोपलेला आहे, हे तुम्हाला माहीत असेल. भाऊजींनी खिडकीतून हात जोडले आणि म्हणाले, "त्यालेही कोणी खो नाही दिला." त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच हसण्यासारखं बोलणं.

मैदानाच्या कडेला सतरंजी होती. मी खेळाकडे तोंड करून बसली. झालं, भाऊजी पाठ करून बसले.

"भाऊजी, आज तरी फिरा," मी म्हटलं.

"तुमी जिकडं पाहून राह्यल्या तिकडं मी कसा पाहू? सांगा तुमी काय होऊन राह्यलं ते."

"एक पोरगी पळून राह्यली."

"कोणती?"

"निळी. त्या बाजूच्या खुंटाकडं गेली."

"कोणत्या बाजूच्या?"

"पानठेल्याच्या."

"मले पानठेला दिसत नाही न वहिनी."

आजूबाजूचे लोक हसत होते. मीही हसत होती, आणि मग त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. दोन्ही मुठी गुडघ्यांवर दाबून धरल्या होत्या. मला वाटते, त्या दिवशी उलटं बसणं नियमासाठी नव्हतं. त्यांना पाहवलं नसतं.

शेवटची पाळी आमची होती, पकडायची. अगदी शेवटी बरोबरीत आलो, एक गडी बाद केला की जिंकलो. बरोबरी राहिली तर आधीच्या गुणांवर समोरची निळी टीम पुढं जाणार होती. निळ्यांची शेवटची पोरगी आमच्या प्राचीच्या अगदी समोरून चालली होती, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. पळणारी आपली आरती. ती मागून आली आणि जोरात ओरडली, खो. पण घाईत तिचा हात हवेतच राहिला, प्राचीच्या पाठीला लागला नाही. पंचाला ते दिसलं नाही, पंच दुसऱ्या अंगाला होता. सगळं मैदान ओरडलं, "उठ, उठ." प्राची उठली नाही. मान खाली, डोळे समोर, तशीच बसून. आरतीनं पुन्हा हात मारला तोवर निळी पोरगी निसटली होती, आणि लांब शिट्टी झाली.

भाऊजींनी विचारलं, "हात लागला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग बरोबर बसली," ते म्हणाले.

गणिताच्या मॅडम प्राचीला म्हणत होत्या, "उठायला काय झालं होतं तुला?"

"मॅडम, हात नव्हता लागला."

"पंचाला दिसलं का?"

"नाही."

"मग?"

दुसऱ्या कोणत्याही शाळेची पोरगी उठली असती, पळाली असती, आणि आज तिचा फोटो पेपरात असता. आमच्या पोरींना शिकवणारा म्हातारा तसा होता, त्याला इलाज नाही.

प्राची रडत रडत भाऊजींकडे धावली. पाया पडायला वाकणार तोच ते दोन पावलं मागं सरकले. हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे. समोर मंडपात ते तरुण साहेब बसले होते. "दुरून, बाई, दुरून," भाऊजी म्हणाले. प्राचीनं दुरूनच हात जोडले. साहेबांनी पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. त्यांनाही ते चांगलं वाटलं नसावं.

त्याच्यानंतर खो-खो बंद झाला. बंद करा असं कोणी म्हटलं नाही. गणिताच्या मॅडमचा कोर्स मागं पडला होता, आणि कसल्याशा कार्यक्रमाच्या मंडपासाठी मैदानातले खुंट उपटले ते पुन्हा गाडले गेले नाहीत. पोरी आता चार वाजता घरी येतात आणि मोबाइल घेऊन बसतात. नियमाप्रमाणे सुरक्षित आहेत. मैदानावर आता बाहरी व्यक्ती कोणी नाही. आतलंही कोणी नाही.

भाऊजी मात्र चार वाजले की जाऊन भिंतीबाहेर बसतात, पाठ मैदानाकडे. मी म्हणायची, आता कायले जाता? ते म्हणायचे, "सवय हाय." अंधार पडायच्या आधी खांबाला हात लावून परत यायचे.

परवा आले नाहीत. दिवेलागण झाली, त्यांच्यासाठी ठेवलेला चहा मी दोनदा गरम केला, आणि मग चपला घालून निघाली. ते तिथंच होते. गुडघे वाकवून, मान खाली घालून, जसे मैदानात बसायचे तसे.

"भाऊजी, चला. चहा थंडा होऊन राह्यला."

"हो," ते म्हणाले. उठले नाहीत.

"तब्येत बरी हाय न?"

"हो."

पलीकडच्या ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या, आमच्याकडे पाहत. मला कडुनिंबाखाली बसलेली आरती आठवली. तिचा पाय दुखत नव्हता. एका माणसाला पाठीवर कोणाचा हात पडावा एवढ्यासाठीच वर्षानुवर्षं तिथं बसावं लागत असेल, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी त्यांच्या मागं गेली, म्हटलं, "खो," आणि पाठीवर हात ठेवला. सदऱ्याखाली नुसती हाडं होती.

ते हलले नाहीत. समोर रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "फाऊल."

"काहून?"

"आधी बोलल्या. हात मंग लागला." मग म्हणाले, "पुन्हा द्या."

मी हात उचलला, पुन्हा ठेवला, आणि खो म्हणायला या वेळी बराच उशीर केला.